फुंकीनंतरचा जाळ

मी फुंकले. गिलासातल्या पाण्यात बुडबुडे आले. म्हणजे नळी मोकळी व्हती. सरांनी ती नळी माझ्या हातातून पकडीनं उचलली. हातानं न्हाई, पकडीनं. माझ्या ओठाला लागलेलं टोक गॅसच्या टॉर्चच्या निळ्या जाळात धरलं. टोक लाल झालं तसं बादलीत बुडवलं. चर्र वाजलं. मग तीच नळी त्यांनी साध्या हातानं धरली आणि संगमेशपुढं केली.

"हं. आता तू फुंक."

मी बघत व्हते. मला वाटलं, कामच असं असतंय.

बसवकल्याणात एसी-फ्रीज दुरुस्तीचं ट्रेनिंग सेंटर. बारावी झाल्यावर मी तिथं नाव घातलं. मंठाळहून टमटमनं यायचं, सांजच्याला टमटमनं जायचं. वर्गात सगळी पोरं. पोरगी म्हणून मी एकटी. गावात लोक हसायचे. आता पोरी बी मशीन खोलणार म्हणे! आई म्हणायची, "हसू दे. उन्हाळ्यात सगळेच गार हवा मागतेत. पोरीनं दिलेली बी घेतेत."

एसीच्या पोटात तांब्याची एक बारीक नळी असती. कॅपिलरी म्हणतेत तिला. भोक सुईयेवढं. त्यात कचरा अडकला की गार हवा बंद. ती मोकळी हाय का न्हाई बघायची जुनी रीत सोपी हाय. एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात, आणि फुंकायचं. सगळे जुने मेस्त्री असंच बघत आलेत. आमच्या टेबलाला एक नळी. आधी विरूपाक्ष फुंकायचा, मग मी, मग संगमेश. विरूपाक्षच्या तोंडातली नळी मी ओढणीला पुसून तोंडात धरायची. त्याच्यामागून जाळ न्हाई. माझ्यामागून जाळ. रोज.

तुम्ही म्हणाल, पोरगी येडी व्हती का? डोळे फुटले व्हते का? डोळे धड व्हते. पण माणूस कामाच्या जागी गेला की जे दिसतं ते काम समजतो. मी मनानंच अर्थ लावला. दोघांनी फुंकलं की नळीत श्वासाची ओल धरत असंल. पुढच्यानं फुंकायच्या आधी ती वाळवायची. म्हणून जाळ. दुसऱ्या टेबलांवर जाळ नसायचा, पण टॉर्च वर्गात एकच, ती आमच्या टेबलापाशी ठेवलेली. मला वाटलं, आमचं टेबल नशिबाचं हाय. बाकीच्यांना ओली नळी, आम्हाला वाळवलेली.

आज हे सांगताना माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतंय. नशिबाचं टेबल म्हणे!

इचारलं का न्हाई? सरांचा नियम व्हता. आधी बघा, मग करा, प्रश्न शेवटी. त्यांचा शेवट कवा यायचाच न्हाई.

आणि सर काय राक्षस नव्हते. कपाळाला इभूत, आवाज मऊ. मला कवा नावानं हाक मारली न्हाई. तंगी म्हणायचे. कन्नडात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतेत. "तंगी, पाना नीट धर. तंगी, बोटं संभाळ." वर्ग सुरू व्हायच्या आधी ते भिंतीवरच्या फोटोला हात जोडायचे, एक वचन म्हणायचे, आणि सांगायचे की आपलं गाव शरणांचं, जात न मानणाऱ्या संतांचं हाय, इथं काम हीच पूजा, इथं कुणी उच्च न्हाई कुणी नीच न्हाई. आम्ही सगळे हात जोडून ऐकायचो. मला ते लई आवडायचं. माझ्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. हिथं दुसरा फोटो. दोन्हीकडं तेच सांगतेत, असं मी आईला म्हणले व्हते.

पुढं पुढं सरांनी जाळाचं काम संगमेशवर सोपवलं. मी फुंकून झाले की लांबूनच म्हणायचे, "बेंकी तोर्सु." जाळ दाखव. संगमेश पक्कड घ्यायचा, टोक लाल करायचा, बादलीत बुडवायचा, फुंकायचा. हात सफाईनं चालायचा त्याचा.

संगमेश माझा दोस्त व्हता. खटकचिंचोळीचा. मामाकडं राहून शिकायचा. दुपारच्याला आम्ही टमटम स्टँडच्या मागं लिंबाखाली बसायचो. माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी तो निम्मी खायचा. भाकरी मी मोडून द्यायचे, तो खायचा. "तुझ्या आईच्या हाताला काय चव हाय गं," म्हणायचा. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी असली की निम्म्याच्या वर खायचा. कन्नडात मला नवीन शिव्या शिकवायचा. हसून हसून पोट दुखायचं.

मग ते साहेब आले.

वर्ग कसा चाललाय ते बघायला मोठ्या गावचे कोणतरी साहेब येणार म्हणून सगळं धुऊन पुसून ठेवलं. सरांनी मला सांगितलं, "तंगी, तू करून दाखव. पोरगी करायलीय म्हणल्यावर साहेब खूश व्हतेत." मी आईनं घेतलेली नवी ओढणी घेऊन गेलते. सगळ्या वर्गापुढं टेबल लावलं. मी नळी घेतली, टोक घासलं, पाण्यात सोडलं, फुंकले. बुडबुडे छान आले. साहेब मान डोलवायले.

आणि मी पक्कड उचलली. टॉर्च पेटवली. माझ्या ओठाचं, नळीचं टोक जाळात धरलं. लाल केलं. बादलीत बुडवलं.

साहेब म्हणले, "हे कशाला केलं?"

मी ठसक्यात सांगितलं, "श्वासाची ओल वाळवायला, सर. फुंकलं की जाळ दाखवायचा. आमच्या वर्गात रोज दाखवतेत."

मागून कोणतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग सगळा वर्ग. विरूपाक्ष तर टेबलावर डोकं टेकून हसायला. संगमेश बी हसला. मी त्याच्याकडं बघितलं तसं त्याचं हसू अडकलं, पण हसला तो. मी स्वतः डोळ्यानं बघितलं.

मला वाटलं ओढणी सरकली. ओढणी बघितली. नीट व्हती. मला वाटलं जाळ जास्त झाला. नळी बघितली. नीट व्हती. सगळं नीट व्हतं आणि सगळे हसायले व्हते.

साहेबांनी वर्गाला इचारलं, "तुम्ही बी असंच करता काय?" हसणं बंद. सर पुढं आले, म्हणले, "नवीन हाय पोरगी. टोक नरम करायला जाळ लागतो, तिनं भलतंच समजून घेतलंय."

साहेबांनी मला इचारलं, "कुठल्या गावची?"

"मंठाळ."

"मंठाळात कुठं?"

"विहारापाशी."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावर मी बघितलं, त्यांना सगळं कळलं. "बरं. बस," म्हणले. मग वर्गाकडं वळून म्हणले, "तोंडानं फुंकायचंच नसतं. माणसाच्या श्वासात पाणी असतं, मशीन खराब होतं. नायट्रोजन वापरा." माणसाच्या म्हणले. कुठल्या माणसाच्या ते म्हणले न्हाईत. आणि सरांच्या घरी जेवायला गेले. नायट्रोजनची टाकी काय आमच्या सेंटरात आली न्हाई. नळी तोंडातच ऱ्हायली.

दुपारच्याला लिंबाखाली संगमेश आला. नेहमीसारखा माझ्या डब्याचं झाकण उघडून बसला. मी इचारलं, "कामून हसलास?"

"आता गं... तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

"काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. खरंच नवल वाटलेलं त्याला. "मला वाटलं तुला म्हाईत हाय. म्हाईत असून करू देतीस."

"काय म्हाईत, संगमेश?"

"मी काय करू? सर सांगितलेत म्हणून मी दाखवायलो. माझ्या मनात काय न्हाई. पण आज तूच स्वतःच्या हातानं दाखवलीस, मग पोरांना हसू आलं." आणि घास मोडला त्यानं. माझ्या आईच्या भाकरीचा. चटणीला लावून तोंडात घातला.

मी त्याच्या हातातून डबा ओढून घेतला. चटणी सांडली. मला लाज वाटली. हेच मला अजून खुपतं. करणी त्यांची, आणि लाज मला वाटली. पूर्ण वर्गाला म्हाईत व्हतं. पहिल्या दिवसापासून. एकटी मीच त्याला काम समजत व्हते. नुसतं समजत न्हवते, शिकले व्हते. नीट, सफाईनं, मन लावून शिकले व्हते. माझ्या श्वासाला इटाळ असतो हा धडा मी पाठ केला आणि साहेबापुढं घडघडा म्हणून दाखवला.

सांजच्याला आई रानातून आली. दुसऱ्याच्या रानात तूर खुरपायला जायची ती. गुडघे सुजलेले. चुलीपुढं बसली तवा मी सगळं सांगितलं. पक्कड, जाळ, बादली. तिनं मला मधीच थांबवलं.

"पेंढीचा जाळ?"

"न्हाई गं. गॅसचा."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणली, "माझी माय ज्या रानात जायची तिथं पाण्याचा तांब्या वरनं वतायचे. चुकून ओठाला लागला की पेंढी पेटवून त्याच्यावरनं काढायचे आणि मगच घरात न्यायचे. मी लहानपणी बघितलंय. मला वाटलं ते गेलं. आता गॅसवर आलं म्हण की." आणि ती हसली. तसलं हसू मी तिच्या तोंडावर कवा बघितलं न्हवतं.

मी म्हणले, "उद्या मी बोलणार."

"गप बस," आई म्हणली. "कोर्स सरत आलाय. कलबुर्गीच्या कोल्ड स्टोरेजला पोरं पाठवणार म्हणतीस. नोकरी लागू दे. माझे गुडघे बघ. एकदा तिथून निघ, मग काय बोलायचं ते बोल."

कोल्ड स्टोरेजची गोष्ट खरी व्हती. पक्कं काम, राहायला खोली. सर ज्यांची नावं सांगतील ते दोघं जाणार. आईला मी शब्द दिला व्हता की मला काम लागलं की तिनं रानात पाऊल टाकायचं न्हाई. तेवढ्यासाठी मी टमटमच्या मागच्या फळीवर लोंबकळत यायचे.

दोन-चार दिवस मी गप बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत तो हाच. फुंकायचे, जाळ बघायचे, चर्र ऐकायचे. आधी तो आवाज मला नुसता आवाज वाटायचा. आता तो रोज माझ्या ओठाला भाजायचा.

मग एक दिवस मी फुंकले आणि नळी सोडलीच न्हाई. संगमेश पक्कड घेऊन वाकला. मी मूठ आवळली.

"टॉर्च बंद कर."

तो सरांकडं बघायला.

"त्यांच्याकडं काय बघतोस? बंद कर म्हणलं न्हवं." त्यानं केली न्हाई. मी हात घालून कॉक फिरवला. फट् करून जाळ विझला. मी नळी त्याच्यापुढं केली. "घे. फुंक."

सर तिकडून म्हणले, "तंगी, टोक नरम कराय लागतं."

"मग विरूपाक्षच्या मागून नरम कामून करत न्हाई, सर?"

सरांचा हात कपाळाच्या इभूतीला गेला आणि खाली आला. मी संगमेशकडं बघत व्हते. तो आपल्या हाताकडं बघत व्हता.

"घे की. माझ्या आईची भाकरी बिनजाळाची गिळतोस न्हवं लिंबाखाली? मग ही कामून न्हाई?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. पोरं त्याच्याकडं बघायली. विरूपाक्ष बारीक आवाजात म्हणला, "व्हय रे संगमेश? खातोस व्हय?" संगमेशनं मान हलवली. न्हाई म्हणला. माझ्यापुढं उभं ऱ्हाऊन न्हाई म्हणला. नळी घेतली न्हाई. ती माझ्या हातात तशीच पुढं धरलेली. कुणीच घेतली न्हाई. हात दुखायला लागला तरी मी तो खाली केला न्हाई. सर म्हणले, "आज क्लास बंद."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खुर्चीपाशी बोलावलं. आवाज तसाच मऊ. "तंगी, ह्या वर्गात जात कुणी काढली? मी काढलो काय? पोरं काढली काय? तूच काढलीस. आपल्या शरणांच्या गावात जात काढलीस. पोरांना वाईट वाटलंय." मग म्हणले, "वर्गाची माफी माग. दोन शब्द. तुझं काम चांगलं हाय. कलबुर्गीला पाठवायला तुझं नाव माझ्या मनात हाय."

घरी सांगितलं. आई म्हणली, "माग. दोन शब्दांनी तोंड झिजत न्हाई."

आणि मी माफी मागायचीच ठरवून गेलते. खोटं कशाला बोलू? टमटममधी मी ते शब्द मनात घोकत व्हते. माझं चुकलं, मी असं बोलायला नको व्हतं, सगळ्यांनी माफ करा. आईचे गुडघे डोळ्यापुढं ठेवले व्हते. थुंकी गिळावी तसं गिळायचं ठरवलं व्हतं.

वर्गात गेले. सरांनी फोटोला हात जोडले. वचन झालं. मग म्हणले, "तंगीला काय तरी सांगायचंय." मी उभी ऱ्हायले. सगळे बघायले. आणि माझी नजर आमच्या टेबलावर गेली. नळी ठेवलेली. गिलास भरलेला. बादली भरलेली. पक्कड काढून ठेवलेली, आणि संगमेशच्या हातात टॉर्च. पेटवलेली.

म्हणजे माफी झाली की लगेच फुंकायचं. आणि फुंकलं की जाळ. माझी माफी ते आधीच धरून चालले व्हते. जाळ तयार ठेवला व्हता.

मी म्हणले, "माझं चुकलं."

सरांनी मान डोलवली.

"साहेबापुढं मी माझ्याच श्वासाला माझ्याच हातानं जाळ दाखवला. ते चुकलं. मरंपत्तोर पुन्हा व्हणार न्हाई. दुसरं माझं काय चुकलं न्हाई." आणि मी खाली बसले.

नळी कुणी पुढं केली न्हाई. त्या दिवशी न्हाई, पुढं कोर्स सरंपत्तोर न्हाई. आमच्या टेबलावर दोघंच फुंकायचे. मी बाजूला बसून बघायचे. बघून बघून शिकले. कलबुर्गीला विरूपाक्ष गेला आणि संगमेश गेला. आई तुरीच्या राशीपत्तोर रानात गेली. माझ्याशी लई दिवस धड बोलली न्हाई. मी तिचे गुडघे चेपायचे, ती तोंड भिंतीकडं करून पडायची. त्याची किंमत तिनं भरली, मी न्हाई. हे मी इसरत न्हाई, आणि तरी मला पस्तावा न्हाई.

आता मी कलबुर्गीतच एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला हाय. नायट्रोजनची टाकी हाय आमच्याकडं. तोंडानं कुणीच फुंकत न्हाई. उन्हाळ्यात दिवसभर लोकांच्या घरात हिंडते. एसी माणसं झोपायच्या खोलीत लावतेत. दारातून हात लांब करून तो दुरुस्त व्हत न्हाई, मला आत घ्यावंच लागतं. घेतेत. आधी गाव इचारतेत, मग गल्ली इचारतेत, मग घेतेत. गार हवा सुरू झाली की खूश व्हतेत.

मागं एका घरी काम सरलं. मी हत्यारं पिशवीत भरून बाहेर आले. वळून बघितलं तर घरची बाई तांब्यातलं पाणी मी बसले त्या जागेवर शिंपडायली व्हती. आधीची मी असते तर म्हणले असते, धूळ बसवायली असंल. उन्हाळा हाय. माणूस चांगलाच अर्थ लावतो. मला अर्थ लावायची लई हौस व्हती.

मी पिशवी दारात ठेवली. म्हणले, "अक्का, हे कामून?"

"काय न्हाई. असंच."

"असंच म्हणजे कामून?"

"रीत हाय आमच्यात."

"कशाची रीत? मी मशीन सुधरायला आले. मी काय सांडले व्हते? काय चिकटलं व्हतं तिथं?"

तिनं तांब्या पदराआड धरला. आतून तिचा नवरा आला, म्हणला, "मेस्त्रीण बाई, तुमचं काम झालं न्हवं? जावा की." मी गेले न्हाई. मी आवाज चढवला न्हाई, शिवी दिली न्हाई. नुसता तोच शब्द परत इचारला. त्या दोघांनी एकमेकाकडं बघितलं. त्या वर्गातल्यासारखंच. सगळ्यांना म्हाईत असतं आणि तोंडानं कुणी बोलत न्हाई. पक्कड बोलती, बादली बोलती, तांब्या बोलतो. तंगी म्हणतेत, अक्का म्हणतेत, वचन म्हणतेत. तेवढी एक गोष्ट म्हणत न्हाईत. आणि आपण इचारलं की म्हणतेत, जात तूच काढलीस.

आता मी इचारते. परत्येक येळी, जिथल्या तिथं, चारचौघांत. दुकानाच्या मालकानं सांगितलंय की असं करत गेलीस तर गिऱ्हाईक तुटंल आणि मग तुझं बी काम तुटंल. तुटू दे. मशीन सुधरायला येतं मला, दुसरीकडं सुधरीन. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाई, तर मी नाक दाबणार. मी अर्थ लावणार न्हाई. मी गप बसून समजून घेणार न्हाई. जे करताय ते कामून करताय, ते तुमच्याच तोंडानं बोला. मी दारात उभी हाय. ऐकल्याबिगर हलत न्हाई.